एनएचएसची मुलाखत: ‘डॉक्टरांना कळवलं’ एवढ्यावर थांबू नका

आपल्याकडच्या वॉर्डात सहा-सात वर्षं काढलेली सिस्टर ब्रिटनच्या मुलाखतीत मागे पडते ती सहसा ज्ञान कमी म्हणून नाही. “रात्री दोन वाजता पेशंटचं बीपी खाली आलं तर काय कराल?” असं विचारलं की ती म्हणते, “डॉक्टरांना कळवीन.” खरं तर फोन उचलण्याआधी तिने पेशंटला आडवं केलेलं असतं, ऑक्सिजन लावलेला असतो, कॅन्युला चालू आहे का ते पाहिलेलं असतं, मावशींना ट्रॉली आणायला पिटाळलेलं असतं. हात हे सगळं करून मोकळे होतात आणि तोंडातून मात्र एकच वाक्य निघतं. पॅनेलला मार्क देता येतात ते कानावर आलेल्या गोष्टींनाच. त्यांच्यासमोर बहुधा प्रत्येक प्रश्नाखाली अपेक्षित मुद्दे लिहिलेला कागद असतो. मुद्दा बोलला गेला तर खूण, नाही तर जागा कोरी.

म्हणून तयारी करायची ती त्या एका वाक्याच्या आधीचं आणि नंतरचं बोलून दाखवण्याची. पुढचं सगळं इंग्लंडमधल्या एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्टच्या, म्हणजे तिची रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेच्या, बँड ५ (पगाराची श्रेणी) स्टाफ नर्सच्या जागेसाठी, मोठ्या माणसांच्या वॉर्डाच्या मुलाखतीसाठी आहे. केअर होमच्या मुलाखतीचा बाज वेगळा असतो, पण प्रश्नांचा गाभा तोच.

आधी हातात काय हवं

ट्रस्ट मुलाखतीला बोलावताना साधारण दोन गोष्टी पाहतो: इंग्रजीची परीक्षा आणि एनएमसीची (तिकडची नर्सिंग कौन्सिल) सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा. आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) दिलीत तर पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस. सीबीटीचे दोन भाग असतात, त्यातला पहिला निव्वळ आकडेमोडीचा. ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा तिकडे गेल्यावर द्यायची असते, त्यामुळे मुलाखतीच्या वेळी ती झालेली नसते आणि तशी कुणाची अपेक्षाही नसते. पण “ऑस्कीबद्दल काय माहीत आहे?” हा प्रश्न येतो. दहा स्टेशन असतात: रुग्णाचं मूल्यमापन, नियोजन, अंमलबजावणी आणि आढावा अशी चार, प्रात्यक्षिक कौशल्यांची चार आणि लेखी दोन. एवढं सांगता आलं तरी पुरतं.

बाजाराबद्दल एक स्पष्ट गोष्ट. २०२४पासून बऱ्याच ट्रस्टनी परदेशातून भरती आवरती घेतली आहे. त्यामुळे मुलाखतीचं बोलावणं आलं तर ते सहज घेऊ नका. आणि याच टंचाईवर फसवणारे पोट भरतात. ब्रिटनच्या आचारसंहितेप्रमाणे नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. परीक्षेची फी, एनएमसीची फी या वेगळ्या, त्या तुम्ही थेट भरता. “सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी नोकरी देणारी संस्था देते तो दाखला) काढून देतो, इतके लाख पडतील” म्हणणारा माणूस कितीही गोड बोलला तरी तिथून उठायचं. व्हिडिओ न लावता व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर झालेली पंधरा मिनिटांची ‘मुलाखत’ आणि जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर, हे दोन्ही एकत्र दिसलं तर संशयाला जागाच उरत नाही. स्पॉन्सरचा परवाना असलेल्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येते. ट्रस्टचं नाव तिथे शोधा.

उत्तर कसं बांधायचं

प्रश्न दोन जातींचे असतात. एक, “अशी वेळ कधी आली होती, तेव्हा तुम्ही काय केलंत?” दुसरा, “असं झालं तर काय कराल?”

पहिल्या जातीसाठी स्टार ही पद्धत सगळीकडे सांगितली जाते: परिस्थिती, तुमच्यावरची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती, निष्पन्न. पद्धत सोपी आहे, चुकतं ते प्रमाण. आपण परिस्थितीवर दोन मिनिटं घालवतो (पेशंट कुठल्या गावचा, कुणी रेफर केला, सोबत कोण होतं) आणि कृती दोन वाक्यांत उरकतो. उलटं हवं. परिस्थिती दोन वाक्यं, जबाबदारी एक, कृती सहा-सात आणि शेवटी काय झालं आणि त्यातून तुमच्या कामात काय बदललं याची दोन.

दुसरी चूक आपल्या बोलण्यात मुरलेली आहे. आपण ‘आम्ही’ म्हणतो. “आम्ही पेशंटला शिफ्ट केलं, आम्ही सीपीआर दिला.” मराठीत त्यात नम्रता आहे, पॅनेलच्या कागदावर मात्र त्याचा अर्थ ‘हिने नेमकं काय केलं ते कळलं नाही’ असा होतो. सराव करताना मोबाइलवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करा आणि ‘वी’ किती वेळा आलं ते मोजा. टीमने केलं असेल तर तेही सांगा, पण त्यातला तुमचा वाटा वेगळा काढून: कॉम्प्रेशन मी देत होते, वेळ दुसरी सिस्टर लिहीत होती.

असे चार-पाच खरे प्रसंग आधीच निवडून ठेवा. एक पेशंट अचानक बिघडल्याचा, एक झालेल्या किंवा थोडक्यात टळलेल्या चुकीचा, एक नातेवाइकांच्या तक्रारीचा, एक सहकाऱ्याशी मतभेदाचा, एक तुम्ही सुचवून वॉर्डात बदल झाल्याचा. एकच प्रसंग तीन प्रश्नांना वापरता येतो, फक्त भर कुठे द्यायचा ते बदलतं. पेशंटचं नाव घेऊ नका. सवयीने “आमच्याकडे अमुक काका होते” असं निघून जातं आणि गोपनीयतेच्या मुद्द्यावर तिथेच शंका उभी राहते.

दुसऱ्या जातीच्या, म्हणजे क्लिनिकल प्रश्नांना एक साखळी पाठ असू द्या: पाहणं, मोजणं, करणं, सांगणं, पुन्हा पाहणं, लिहिणं. ‘डॉक्टरांना कळवीन’ हे यातलं चौथं पाऊल.

एक उदाहरण जवळून

पॅनेल सांगतं: आतड्याच्या ऑपरेशननंतर दुसरा दिवस, वय ६८. श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९४ टक्के, बीपी १०४/६२, नाडी ११२, ताप ३८.३ सेल्सिअस, शुद्धीवर आणि बोलतोय. काय कराल?

आपल्या नजरेला यातला एकही आकडा घाबरवणारा वाटत नाही. ताप आहे, पॅरासिटॅमॉल देऊ, थोड्या वेळाने बघू. आता हेच न्यूज टूवर, म्हणजे पेशंट किती बिघडतोय ते गुणांत मोजणाऱ्या तक्त्यावर मांडा. श्वास २१ ते २४ मध्ये म्हणून २. सॅच्युरेशन ९४-९५ म्हणून १. बाहेरचा ऑक्सिजन नाही म्हणून ०, असता तर २ वाढले असते. वरचं बीपी १०१ ते ११० मध्ये म्हणून १. नाडी १११ ते १३० मध्ये म्हणून २. शुद्ध ०. ताप ३८.१ ते ३९ मध्ये म्हणून १. बेरीज ७. आणि ७ म्हणजे तातडीचा प्रतिसाद: ऑब्झर्व्हेशन सतत, वरच्या डॉक्टरांना आणि क्रिटिकल केअर आउटरीच टीमला बोलावणं. एकाही रकान्यात ३ नसताना बेरीज इथवर जाते हेच या तक्त्याचं मर्म आहे, आणि पॅनेलने प्रश्न अशा आकड्यांत विचारला असेल तर त्यांना तेच पाहायचं असतं.

हा तक्ता रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून काढला आणि इंग्लंडभर मोठ्यांच्या वॉर्डात तोच चालतो. संपूर्ण पाठ करा. ५-६ आले तर तातडीने डॉक्टर आणि किमान तासाला एकदा ऑब्झर्व्हेशन, एका रकान्यात एकटे ३ आले तरी तासाला एकदा, हेही. सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) काही रुग्णांसाठी सॅच्युरेशनचं दुसरं परिमाण असतं, तिथे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. नवीन गोंधळलेपणा हा शुद्धीच्या रकान्यात ३ गुणांचा असतो. वयस्कर पेशंट ‘आज जरा बडबडतायत’ म्हणून आपण सोडून देतो, तो हा.

आता उत्तर बोलायचं कसं? पेशंटजवळ जाऊन मी ए बी सी डी ई क्रमाने पाहीन: वायुमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, अंगावरची तपासणी. जखम, ड्रेन, पोट फुगलंय का, पायाच्या पोटऱ्या पाहीन. बसवून देईन, बेल वाजवून मदत बोलावीन, पेशंटला सोडून जाणार नाही. ऑब्झर्व्हेशन स्वतः पुन्हा घेईन. स्कोअर ७ आणि ऑपरेशननंतरचा ताप, म्हणजे मला सेप्सिसची (जंतुसंसर्गाने सगळं शरीर बिघडण्याची) शंका आहे. इथे ‘सेप्सिस’ हा शब्द तोंडाने उच्चारणं महत्त्वाचं आहे. आपल्याकडे निदान डॉक्टरांनी म्हणायचं असा संकोच असतो. तिकडे नर्सने शंका बोलून दाखवणं हीच अपेक्षा असते. मग सेप्सिस सिक्स: तीन द्यायच्या (गरजेप्रमाणे ऑक्सिजन, शिरेतून प्रतिजैविकं, शिरेतून द्रव), तीन घ्यायच्या (ब्लड कल्चर, लॅक्टेट, लघवीचं मोजमाप). ७ किंवा वर स्कोअर असताना प्रतिजैविक तासाभरात गेलं पाहिजे. औषधं अर्थातच प्रिस्क्रिप्शनवरच, हे वाक्य जोडायला विसरू नका.

मग फोन, तोही एसबीएआरमध्ये, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि मागणी या क्रमाने. मी कोण, कुठल्या वॉर्डातून, कुठला पेशंट, स्कोअर ७. मग पार्श्वभूमी: ऑपरेशन कोणतं, कधी, कशाची अ‍ॅलर्जी. मग माझं मूल्यमापन: सेप्सिसची शंका, काल स्कोअर २ होता. आणि शेवटचं अक्षर, जे आपण गाळतो: मला तुमच्याकडून काय हवंय. “प्लीज सी द पेशंट” नव्हे, तर “आय नीड यू टू कम विदिन फिफ्टीन मिनिट्स, मीनव्हाइल शॅल आय टेक ब्लड्स अँड कल्चर्स?” वेळ सांगायची, प्रश्न विचारायचा, समोरच्याने दिलेली ऑर्डर परत वाचून दाखवायची.

इथे पॅनेल हमखास फाटा फोडतं: “डॉक्टर आलेच नाहीत तर?” याचं उत्तर ‘पुन्हा फोन करीन’ इथे संपत नाही. पुन्हा फोन, मग रजिस्ट्रार (मधल्या फळीतले डॉक्टर), नर्स इन चार्ज आणि आउटरीच टीम, गरज पडली तर कन्सल्टंट. श्वास थांबला, नाडी लागेना किंवा पेशंट कोसळतोय असं वाटलं तर २२२२ हा रुग्णालयातला आपत्कालीन नंबर. प्रत्येक फोनची वेळ आणि बोलणाऱ्याचं पद नोंदवीन. दर फेरीला ऑब्झर्व्हेशन घेत राहीन, पेशंटला आणि त्याच्या परवानगीने घरच्यांना काय चाललंय ते सांगीन. २०२४पासून इंग्लंडमधल्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला आहे. त्यात पेशंट किंवा घरचे स्वतः वेगळ्या टीमकडून तातडीची तपासणी मागू शकतात. हे नाव उत्तरात योग्य जागी आलं तर तुम्ही तिकडचं वाचलंय हे न सांगता कळतं.

आपल्या सवयी जिथे आडव्या येतात

पेशंट औषध नाही म्हणतोय. आपल्याकडे काय होतं? आपण समजावतो, मग मुलाला बोलावतो, मुलगा दटावतो, आजोबा गोळी गिळतात. तिकडे पहिला प्रश्न असा की त्याला निर्णय घेण्याची क्षमता आहे का. मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ प्रमाणे ती आहे असंच धरून चालायचं, सिद्ध करायची ती नसल्याचं. माहिती समजते का, लक्षात राहते का, तिचा विचार करून निर्णय घेता येतो का आणि तो सांगता येतो का, हे चार तपास. क्षमता असेल तर निर्णय तुम्हाला मूर्खपणाचा वाटला तरी तो त्याचा आहे. तुम्ही कारण विचारता (गोळी मोठी आहे? मळमळतंय? धर्माने चालत नाही?), परिणाम सांगता, पर्याय काढता, डॉक्टरांना कळवता, लिहून ठेवता. जेवणात मिसळून देईन, हे उत्तर म्हणजे मुलाखत तिथेच संपली.

नातेवाईक फोनवर रिपोर्ट विचारतात. “मुलगाच आहे ना” हे कारण चालत नाही. पेशंटची परवानगी आणि बोलणाऱ्याची ओळख, या दोन्हीशिवाय माहिती नाही.

औषध चुकीच्या पेशंटला गेलं. सगळ्यात आधी पेशंट: त्याला पाहणं, ऑब्झर्व्हेशन, अ‍ॅलर्जी तपासणं. मग डॉक्टर आणि नर्स इन चार्ज. मग पेशंटला खरं सांगणं आणि माफी मागणं. मग नोंद आणि इन्सिडेंट रिपोर्ट, जो बऱ्याच ट्रस्टमध्ये डेटिक्स नावाने ओळखला जातो. माफीचा भाग आपल्याला जड जातो, कारण आपल्याकडे माफी म्हणजे कबुली आणि कबुली म्हणजे मेमो. तिकडे ‘ड्यूटी ऑफ कँडर’, म्हणजे चूक झाल्यावर पेशंटला खरं सांगण्याचं बंधन, हे कायद्यात आहे, एनएचएससाठी २०१४पासून. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात झालेल्या हेळसांडीवर २०१३ मध्ये फ्रान्सिस अहवाल आला, त्यानंतर ही आणि गैरप्रकार बोलून दाखवण्याची सगळी यंत्रणा उभी राहिली. म्हणून “तुमच्याकडून कधी चूक झाली का?” याला “नाही” म्हणणारी उमेदवार त्यांना धोक्याची वाटते. छोटी, खरी चूक सांगा आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत ते सांगा.

सहकारी पेशंटशी उर्मट वागताना दिसली. कन्सल्टंटने चुकीचा डोस लिहिला. दोन्हीकडे उत्तराची सुरुवात पेशंटला सुरक्षित करण्यापासून, नंतर सरळ त्या व्यक्तीशी बोलणं, नंतर वरिष्ठ, नंतर गरज पडली तर ‘फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन’, म्हणजे गैरप्रकार सांगायला नेमलेली व्यक्ती. “सर सीनियर आहेत, त्यांना कसं सांगणार” ही आपली अडचण पॅनेलला ठाऊक असते, म्हणूनच हा प्रश्न परदेशी नर्सना आवर्जून विचारतात. डोस चुकीचा वाटला तर औषध थांबवून ठेवीन, विचारीन, उत्तर पटलं नाही तर फार्मासिस्टला विचारीन आणि खात्री होईपर्यंत देणार नाही.

पेशंट हळूच सांगते, “सिस्टर, मुलगा मारतो, पण कुणाला सांगू नका.” हा सेफगार्डिंगचा, म्हणजे पेशंटला छळापासून वाचवण्याचा प्रश्न. ‘नाही सांगणार’ असं वचन द्यायचं नाही. शांतपणे ऐकायचं, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत, तिचे शब्द तसेच्या तसे लिहायचे, नर्स इन चार्ज आणि सेफगार्डिंग टीमला कळवायचं, आणि हे कळवणार आहोत हे तिला प्रामाणिकपणे सांगायचं. मुलाला समोर बसवून ‘समेट’ घडवायला जाऊ नका.

प्राधान्याचा प्रश्न गंमतीचा असतो. ओव्हर (पाळी बदलताना पेशंट सोपवून देणं) संपलीय. एकाच्या छातीत दुखतंय, दुसरीची शुगर ३.१ (तिकडच्या एककात, म्हणजे खूप कमी), तिसऱ्या आजींना टॉयलेटला जायचंय आणि त्या पडण्याचा धोका आहे, चौथ्याची घरी जायची गाडी खाली उभी, आणि पाचव्याची मुलगी काउंटरवर चिडून उभी. एकटीने धावत सगळं उरकायचं उत्तर चुकीचं. छातीत दुखणाऱ्याकडे स्वतः जायचं, शुगर कमी असलेलीकडे त्याच क्षणी दुसऱ्या नर्सला पाठवायचं, आजींसोबत हेल्थकेअर असिस्टंट. मुलीला एकच वाक्य: तुमचं ऐकायचंय, वीस मिनिटांत येते. गाडी थांबते किंवा जाते, नर्स इन चार्जला कळवलं की पुरे. कामं वाटून दिली तरी जबाबदारी तुमचीच राहते, म्हणून नंतर जाऊन विचारायचं. हे शेवटचं वाक्य मार्काचं आहे.

एनएमसीच्या संहितेचे चार भाग आणि ‘सिक्स सी’ पाठ असावेत, पण पोपटपंची नको. केअर, कम्पॅशन, कॉम्पिटन्स, कम्युनिकेशन, करेज, कमिटमेंट असं एका दमात म्हणून थांबणाऱ्याला पॅनेल विचारतं, “करेजचं एक उदाहरण द्या.” तिथे वरचा डोसचा प्रसंग लागतो.

शब्द आणि एककं

हा भाग लोक सोडून देतात आणि मुलाखतीत इथेच अडखळतात. आपलं ‘ओटी’ म्हणजे तिकडे थिएटर. तिकडे ‘ओटी’ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, त्यामुळे “पेशंटला ओटीत पाठवलं” म्हणालात तर ते वेगळंच समजतील. ‘ऑफ ड्यूटी’ म्हणजे सुट्टी नव्हे, ड्यूटीचं वेळापत्रक. सिस्टर हे संबोधन नाही, पद आहे. मेट्रन ही वॉर्ड मॅनेजरच्या वरची. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) म्हणजे एनजी ट्यूब, आयव्ही सेट म्हणजे गिव्हिंग सेट, व्हायटल्स म्हणजे ऑब्ज, मावशी-मामांच्या जागी हेल्थकेअर असिस्टंट आणि पोर्टर. पेशंट ‘एक्स्पायर’ होत नाही, ‘डाइड’ म्हणा. औषधांची ब्रँडनावं पूर्ण विसरा: लॅसिक्स नाही, फ्युरोसेमाइड. ऑगमेंटिन नाही, को-अमॉक्सिक्लॅव.

एनजी ट्यूबवरून आठवलं. जागा कशी तपासाल, याला “हवा सोडून स्टेथोस्कोपने ऐकीन” म्हणू नका. ती पद्धत तिकडे बंद आहे, कारण नळी फुप्फुसात असतानाही आवाज येऊ शकतो. पोटातलं द्रव ओढून पीएच पाहायचा, १ ते ५.५ असेल तरच फीड. नाही मिळाला तर एक्स-रे.

साखर मिलिमोलमध्ये मोजतात. आपला आकडा भागिले १८. म्हणजे ७२ म्हणजे ४, आणि ४च्या खाली हायपो, म्हणजे साखर फार कमी. गिळता येत असेल तर १५-२० ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर, म्हणजे साधारण १५० ते २०० मिली फळांचा रस, १० ते १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, चढल्यावर ब्रेड-बिस्किटासारखं काहीतरी. हिमोग्लोबिन लिटरमागे ग्रॅममध्ये: आपलं ८ म्हणजे त्यांचं ८०. क्रिएटिनिन गुणिले ८८: आपलं १.२ म्हणजे साधारण १०६.

काही ट्रस्ट मुलाखतीआधी किंवा मुलाखतीतच आकडेमोड घेतात, बऱ्याचदा कॅल्क्युलेटरशिवाय. हाताने सोडवून पाहा. एक लिटर ८ तासांत, पंपावर तासाला १२५ मिली. तेच २० थेंब मिलीच्या सेटने: १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मूल १८ किलो, पॅरासिटॅमॉल १५ मिलिग्रॅम किलोमागे: २७० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, म्हणून ११.२५ मिली. मायक्रोग्रॅम आणि युनिट हे शब्द पूर्ण लिहायचे, ‘यू’ लिहिलेला शून्यासारखा वाचला जातो आणि इन्सुलिन दसपट जातं. बोलतानाही फिफ्टीन-फिफ्टी गोंधळ टाळायला “वन फाइव्ह” म्हणा. पॅनेलवरच्या नर्सना ते ऐकून बरं वाटतं.

‘स्वतःबद्दल सांगा’ आणि ‘आमच्याकडेच का’

पहिल्याला दीड मिनिट. लग्नाच्या बायोडाटाची सवय इथे नको: वडील शेतकरी, दोन भावंडं, मूळ गाव, विवाहित हे काहीच सांगू नका. जीएनएम की बीएस्सी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कधीची, सध्याचा वॉर्ड किती खाटांचा, एका पाळीला तुमच्याकडे किती पेशंट, कुठल्या प्रकारचे, कुठली उपकरणं स्वतः हाताळता, इंग्रजी आणि सीबीटी झालेली. तीस खाटांच्या वॉर्डात दोनच सिस्टर होत्या हे सांगताना तक्रारीचा सूर नको. एवढ्यांत कोण आधी हे कसं ठरवत होते, ते सांगा.

दुसऱ्याला “फेमस हॉस्पिटल आहे” आणि “मला तिकडे स्थायिक व्हायचंय” ही दोन उत्तरं टाळा. ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्यांची मूल्यं चार-पाच शब्दांत असतात, ती पाहा. केअर क्वालिटी कमिशनचा (रुग्णालयं तपासणारी सरकारी संस्था) अहवाल उघडा. त्यात मानांकन असतं आणि कुठे सुधारणा हवी तेही असतं. रुग्णालय कुठल्या गावात आहे, किती जागी विभागलं आहे, कोणत्या कामासाठी नावाजलेलं आहे, हे तुमच्या अनुभवाशी जोडा. पाच ट्रस्टना एकच उत्तर देणाऱ्याला ते लगेच ओळखतात.

मुलाखतीचा दिवस

वेळ नीट मोजा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा, बाकी वर्ष साडेपाच तासांचा. त्यांचे सकाळचे १० म्हणजे जुलैत आपले दुपारचे अडीच, जानेवारीत साडेतीन.

लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर, खाली चार पुस्तकं ठेवून. उजेड समोरून. वायरचे इअरफोन. राउटर इन्व्हर्टरवर असू द्या आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार, कारण वीज नेमकी तेव्हाच जाते. पासपोर्ट हाताशी, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात. खोलीत दुसरं कुणी नको, कधी कधी कॅमेरा फिरवून दाखवायला लावतात. कागदावरून वाचू नका, डोळे हलताना स्पष्ट दिसतात. युनिफॉर्म नको, साधा कुर्ता किंवा शर्ट चालतो. पॅनेल पहिल्या नावाने ओळख करून देतं, तुम्हीही त्याच नावाने बोला, दर वाक्याला ‘सर-मॅडम’ नको.

उच्चारांची काळजी करू नका, वेगाची करा. प्रश्न कळला नाही तर “कुड यू रिपीट दॅट प्लीज?” याला मार्क जात नाहीत. न कळलेल्या प्रश्नाचं सफाईदार उत्तर देण्याला जातात. उत्तराआधी पाच सेकंद गप्प राहिलात तरी चालतं.

शेवटी “काही विचारायचंय?” म्हणतात. ‘नो, थँक यू’ म्हणू नका. ऑस्कीची तयारी किती आठवडे करून घेतात, ती नापास झाली तर पुढे काय, पिन (एनएमसीचा नोंदणी क्रमांक) येईपर्यंत कुठल्या बँडचा पगार (बँड ५ची सुरुवात २०२५-२६ मध्ये वर्षाला ३१,०४९ पौंड होती, पिनआधी त्याहून कमी), सुरुवातीची राहण्याची सोय किती दिवस, आणि आधी सोडून गेल्यास किती रक्कम परत द्यावी लागते व ती दर महिन्याला कमी होत जाते का. हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, सही करण्याआधी उत्तर लेखी मागा.

त्याच संध्याकाळी आलेले सगळे प्रश्न वहीत उतरवून ठेवा, दुसऱ्या ट्रस्टमध्ये निम्मे तेच येतात. नकार आला तर मेल करून फीडबॅक मागा, बरेच ट्रस्ट तो देतात.

होकार आला तर तो सशर्त असतो: संदर्भपत्रं, आरोग्य तपासणी, क्षयाची चाचणी, पोलिस क्लिअरन्स. क्षयाचं प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं, म्हणून घाईने आधीच करू नका. घाई करायची ती नावाची. दहावीच्या आणि नर्सिंगच्या कागदांवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं, कुठे आद्याक्षरच. एनएमसी आणि व्हिसा, दोन्हीकडे यावर गाडी अडते. लग्नाचं प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद काढून ठेवा, आणि कौन्सिलच्या नोंदणीतलं नाव पासपोर्टशी जुळवून घ्या. ही कामं मुलाखतीची तारीख येण्याआधीच सुरू करा.